धुराड्यातली दोरी

वलगावच्या वच्छलाबाईच्या चुलीचं धुराडं दरसाल दोघं नवराबायको मिळून साफ करत. दोरीच्या मधोमध काथ्याचा बोळा बांधत. सुखदेवराव छपराच्या टिनांवर चढून दोरी आत सोडत, ती चुलीपाशी बसून खालचं टोक ओढी. ओढताना बांगड्या वाजत. बोळा खाली आला की दोरीला दोन हिसके देऊन ती हाक मारी, "वढा जी आता."

यंदा सुखदेवराव नव्हते. शहरात राजापेठेत राहणारा मुलगा गजेंद्र फोनवर म्हणाला, "माय, तू वर चढू नको. मी येतो ना दिवाळीले." पण धूर घरात कोंडत होता, आणि साचलेली काजळी एखाद दिवशी पेट घेते, हे तिला ठाऊक होतं. चूल गार झाल्यावर मांजर आत शिरू नये म्हणून तिनं दाराला कुलूप घातलं आणि शिडी चढली.

खालून ओढायला कोणी नाही, म्हणून तिनं दोरीच्या टोकाला दगड बांधून सोडला. दगड चुलीत टेकला, बोळा मात्र मधेच अडकला.

काय करावं, याचा ती विचार करत होती तोच दोरी ताणली गेली. बोळा काजळी खरवडत सावकाश खाली उतरला.

"कोन हाय खाली?"

तिनं चाचपून पाहिलं. किल्ली तिच्या कमरेलाच होती.

मग दोरीला दोन हिसके बसले. धुराड्यातून हाक आली, "वढा जी आता."

आवाज तिचाच होता. मागोमाग काचेच्या बांगड्या वाजल्या.

वच्छलाबाईनं आपल्या उघड्या मनगटांकडे पाहिलं.