हाण उंबऱ्याला

चारठाण्याच्या धुरपताबाईचा पोरगा परमेश्वर लहानपणी उंबऱ्याला ठेचकाळून पडला, की ती त्याच्या हातात कापसाच्या पळाटीची काडी द्यायची. "कुनी पाडलं माझ्या सोन्याला? ह्या उंबऱ्यानं? हाण त्याला!" पोरगं उंबरा बडवून काढायचं आणि रडायचं थांबायचं. पुढं बाजेनं, चौकटीनं, रांजणानंही त्याचा मार खाल्ला.

आज सुनेची किंकाळी ऐकून ती गोठ्यातून पळत आली. सून चुलीपुढं आडवी पडली होती आणि तिच्या फुटलेल्या डोक्यातलं रक्त परातीतल्या पिठात उतरत होतं. परमेश्वरच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता.

"आरं, काय केलंस रं हे?"

तिशीतल्या परमेश्वरनं लेकरासारखी जीभ बाहेर काढून दाखवली.

"चहानं पोळली हुती, आई. आता न्हाई दुखायली."