मांजर चालणार नाही

"मांजर चालणार नाही," रडवे सर म्हणाले आणि त्यांनी उकडलेलं अंडं अख्खं तोंडात टाकलं.

कॉलेजच्या प्रवेशासाठी 'माझ्या आयुष्यातला प्रसंग' लिहून द्यावा लागे. तो निबंध घासूनपुसून देणं हा सरांचा धंदा. त्यांच्या हाताखालून गेलेल्या निबंधांत आजवर इतक्या आज्या मेल्या होत्या, की पटकीच्या साथीनेही तोंडात बोट घालावं.

समोर मुलगी बसली होती, शेजारी तिचे बाबा. मुलीने खरं तेच लिहिलं होतं. सातव्या वर्षी तिचं मांजराचं पिल्लू मेलं. बुटांच्या खोक्यात घालून तिने ते देवासमोर ठेवलं. म्हणाली, उठव. तिसऱ्या दिवशी खोक्यातून मुंग्यांची रांग निघाली. त्यानंतर तिने कधी हात जोडले नाहीत.

थुंकी लावलेल्या बोटाने सरांनी पान उलटलं.

"शंका झकास आहे, कारण फुसकं. आणि त्या मुंग्या काढ. किळस येते." बोलताना बलकाचा ओला कण उडाला आणि नेमका 'देव' या शब्दावर बसला. "मांजराच्या जागी बाबांना घे."

"मला?" बाबा म्हणाले.

"हार्ट अटॅक. पोरगी हॉस्पिटलच्या जिन्यात देवाला विनवतेय... सीट पक्की समजा."

मुलीने कागद आपल्याकडे ओढला. बाबा मात्र शिंप्याला माप द्यायला बसावं तसे ताठ झाले. "घाल गं चिमणे. मी काय खरंच मरतोय? फक्त झटपट मार, लोळवत ठेवू नकोस."

सरांनी लाल पेन पुढे केलं. तेही चिकट होतं. तिने 'मांजर' खोडलं, 'बाबा' लिहिलं. पुढचा शब्द उतरेना. पेन टेकल्या जागी शाईचा ठिपका फुगत गेला.

"देव मानत नाहीस ना तू?" सर हसले. दातांत पिवळं दिसलं. "मग भितेस कोणाला?"

तिने शेजारी पाहिलं. लेकीला शब्द सुचावा म्हणून बाबा डोळे मिटून, हात जोडून देवाचा धावा करत होते.

तिने 'बाबा' खोडलं. वर ठसठशीत 'मांजर' लिहिलं. नखाने बलक खरवडला. तो निघाला, वास निघेना. कागद तिने तसाच पिशवीत कोंबला.

बाबांनी एक डोळा उघडला. "झालं? मेलो का गं?"

"उठा बाबा," ती म्हणाली.

बाबा उठले.