दुसरी सही

“करा सही,” ग्रंथपालबाईंनी वही पुढं केली. “मला दिसलं, तुम्ही शेजारीच होतात. झालो की दोघं.”

मुद्रितशोधक आजोबांनी पेन घेतलं आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले. मागची मंडळी अजून वळणावर रेंगाळत होती. पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. भिंतीखाली लिंबाचं झाड होतं. आणि बाई म्हणत होत्या त्याअर्थी, थंडी सरल्यावरचं पहिलं फुलपाखरू नुकतंच तिथून उडून गेलं होतं.

दर रविवारी सकाळी निघणाऱ्या या निसर्गफेरीला नियम एकच, आणि तोही बाईंचा. मोसमातलं पहिलं फुलपाखरू वहीत चढवायचं तर ते दोघांनी पाहिलेलं हवं, दोघांच्या सह्या हव्यात. एकटा माणूस वाळलेल्या पानालाही पंख लावतो, असं त्यांचं म्हणणं. एका सहीची नोंद त्या सरळ खोडून टाकत. एकदा स्वतःचीच खोडली होती.

गेली चार वर्षं ओळीनं पहिलं फुलपाखरू आजोबांच्या बायकोनं पाहिलं होतं, ह्याच भिंतीपाशी. पहिली सही तिची, दुसरी यांची. पाच महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्यानंतर आजोबा आज पहिल्यांदा फेरीला आले होते.

“मला नाही दिसलं,” ते म्हणाले.

“असू द्या. दुसरं येईल एवढ्यात.”

“तसं नाही बाई. पायाखालची वाट तेवढी कळते मला. फुलपाखरू बघून पाच वर्षं झाली.”

बाईंना आधी ती थट्टाच वाटली. छापखान्यात या माणसाला सगळे खोडरबर म्हणायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, एक वेलांटी सोडली नाही, आणि बारीक टाइपापायी स्वतःचे डोळे घालवून बसले. ते बायकोला सांगायचा मात्र धीर झाला नाही. तिला कळलं तर ती फेरी बंद करेल, ही धास्ती. आणि तिला तरी दुसरं काय उरलं होतं? शिलाई मशीनसुद्धा तिनं “आता कंटाळा आला बाई” म्हणत भाचीला देऊन टाकलं होतं. एवढा रविवारचा एक नाद.

म्हणून आजोबा चष्मेवाल्याच्या दुकानाची पायरीही चढले नाहीत. चष्मेवाला फेरीतलाच. त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, अशी त्यांची खात्री. फेरीत बायको दंडाला धरून चालायची, ते बरंच पडायचं. भिंतीपाशी आली की थांबायची आणि बोट दाखवायची, “अहो, ते बघा, पिवळं!” की हे लगेच, “दिसलं, दिसलं!” असं जोरात म्हणायचे, की जणू ते यांच्या नाकावरच बसलंय. मग दोघं हसत हसत सही करायचे.

“माझ्या चारही सह्या खोट्या आहेत,” आजोबा म्हणाले. “त्या खोडा. तिच्या तेवढ्या राहू द्या. तिनं खरंच पाहिली होती.”

बाईंचा आवाज उतरला. “एका सहीची नोंद राहत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. सगळी ओळ जाईल.”

ते त्यांना ठाऊक होतं. पाच महिने हेच त्यांना आतून खात होतं. तिच्या हातच्या ह्या चार ओळीच काय त्या घराबाहेर उरल्या होत्या. गप्प बसावं तर खोटं तसंच राहतं. बोलावं तर तिची खरी फुलपाखरं आपल्या खोट्यापायी जातात. आजोबांना रडू आवरेना.

“खोडा,” ते शेवटी म्हणाले. “तिला फसवलं ते फसवलं. आता वहीला नको.”

बाईंनी मागचं पान काढलं आणि त्यांच्या हातातून पेन घेतलं. तेवढ्यात मागून चष्मेवाला आला. त्यानं शेवटचं सगळं ऐकलं होतं.

“थांबा बाई,” तो म्हणाला. मग आजोबांकडे वळला. “काका, काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच पाठवलं होतं. चार वर्षं होऊन गेली. नसा सुकत चालल्या होत्या. हातभर अंतरापलीकडे त्यांना नुसतं धुकं दिसायचं. तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. म्हणाल्या, यांना कळलं तर फेरी बंद करतील.”

आजोबांना ते मशीन आठवलं. दंडाला धरलेला हात आठवला. चार वर्षं आपण तिच्या आधारानं चालत होतो, असंच ते समजत आले होते. त्यांनी भिंतीला हात टेकला. भिंत चांगली तापली होती.

“मग ती बोट कशाला दाखवायची?”

“अंदाजानं. उन्हाला ती इथंच येतात, हे त्यांना जुनं माहीत होतं. तुम्हाला नाहीच दिसलं, तर ‘उडालं वाटतं’ म्हणायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.” चष्मेवाल्यानं स्वतःचा चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिला. “पण तशी वेळच आली नाही. दर वर्षी दुसऱ्या दिवशी दुकानात यायच्या, अगदी हरखून सांगायच्या.”

“काय सांगायची?”

“म्हणायच्या, ‘मी आपलं उगीच बोट दाखवते, आणि यांना नेमकं तिथंच दिसतं हो! अजून एकदाही चुकलेलं नाही.’”