समुद्राची राखण

"सर, खायला कसा लागतो तो?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी विचारलंच. ॲबलोनी नावाचा समुद्रातला शिंपला संपत आलाय, देशोदेशीचे शास्त्रज्ञ तो वाचवायला धडपडतायत, असं शाळेतल्या ऑनलाइन व्याख्यानात एक शास्त्रज्ञ सांगत होते. त्यांच्या तोंडाला चक्क पाणी सुटलं. "लाजवाब! म्हणून तर ही वेळ आली."

घरी हे सगळं सांगून विचारलं, "बारावीनंतर हेच शिकायला जाऊ?"

आई हसायलाच लागली. पप्पा म्हणाले, "परभणीत समुद्र हाय का? आपल्या सात पिढ्यांत कुणी तो शिंपला चाखला न्हाई!"

"तेच तर, पप्पा! ज्यांनी चाखला त्यांनीच संपवला. राखणीला आता परभणीचंच माणूस पाहिजे. विचारत न्हाई, सांगायलेय. मी जाणार."