जानकूची तर्जनी

व्यापाऱ्याने उपरणे उलगडून आपल्या आणि जानकूच्या हातांवर टाकले, तेव्हा बेल्ह्याच्या बाजारात बारा वाजत आले होते.

"बोला पावणं. मेंढा तुमचा, पर भाव माझा."

"भाव तुझा असंल तर मेंढाबी तुझाच घिऊन ये घरनं," जानकू म्हणाला. भोवतीचे दोघेतिघे हसले.

भाव तोंडाने बोलायचा नाही, ही जनावरांच्या सौद्याची जुनी शिस्त. कापडाखाली एकमेकांची बोटे धरायची. जितकी बोटे, तितके हजार. बघणाऱ्याला केवळ कापडाची हालचाल दिसते. जानकूचा या शिस्तीवर पूर्ण विश्वास होता. कापडाखालचे गुपित तिसऱ्याला कळल्याचे त्याने पस्तीस वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

व्यापारी अनोळखी होता, पण जाणता वाटला. त्याच्या जोडीदाराने आधी मेंढ्याचे दात पाहिले, पाठ चाचपली. गर्दीच्या रेट्याने तो जानकूच्या अंगावर आला, तेव्हा "माफ करा, भाऊ," असेही म्हणाला. आता तो उपरण्याचे टोक सावरत उभा होता. सौदा रेंगाळला. व्यापाऱ्याने चार बोटे धरली, सोडली, पाचही धरली. मग एकटी तर्जनी पकडून ती जोराने दाबली. बोटाला काहीतरी गार, गुळगुळीत लागले. अंगठीचा खडा असावा, असे जानकूला वाटले.

"आरं, पाचावर एक म्हणायला बोटाचा गळा कशापायी आवळतोस?"

"आवळल्याबिगर तुमी ऐकताय व्हय?" व्यापारी हसला. क्षणभर थांबून त्याने हात काढून घेतला. "न्हाई जमायचं, राव. लई ताणताय तुमी." उपरणे काखेत मारून तो निघालाही. त्याचा जोडीदार त्याच्या आधीच टेम्पोंच्या रांगेकडे गेला होता.

मोडलेल्या सौद्याची जानकूला फारशी खंत वाटली नाही. मेंढा पुढच्या बाजारीही विकला गेला असता. आज त्याला मढला पोहोचायचे होते.

त्याची धाकटी बहीण नंदा मढला राहते, हे जानकूखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते. त्याच्या मुलीलाही नाही. नवऱ्याने, गोरक्षने, हात मोडल्यावर नंदा नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर पडली होती. "जिथं घावंल तिथं जित्ती सोडणार न्हाई," असे गोरक्षने चावडीसमोर सांगितले होते, आणि बोललेले करून दाखवणारा म्हणूनच तो गावात ओळखला जाई. गेला महिनाभर तो जुन्नरला खोली घेऊन राहत होता आणि एसटी स्टँडवर नंदाचा फोटो दाखवत हिंडत होता. भावाबहिणीत ठराव एकच होता: जानकूचा मेसेज आल्यावाचून नंदाने कोणालाही दार उघडायचे नाही.

निघतो आहे, हे तिला कळवावे म्हणून जानकूने बंडीच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

त्याने दुसरा खिसा पाहिला, पिशवी झटकली, मेंढ्याच्या पायाखालचा पाला उपसला. फोन कुठेच नव्हता. नंदाने पाठवलेला खोलीचा पत्ता, येण्याचा नकाशा, दोघांचे सगळे बोलणे त्या फोनमध्ये होते. 

मग त्याला प्राची आठवली. त्याची ही मुलगी अवसरीच्या कॉलेजात शिकत होती, आणि फोनला कुलूप घालण्यावरून दोघांचा दिवाळीत चांगलाच वाद झाला होता.

"आप्पा, बोटापेक्षा आकडे बरे. आकडे तुमच्या डोक्यात राहतात."

"डोस्क्यातला आकडा तोंडातनं बाहीर पडतो, पोरी. बोट कोन काढून नेनार हाय? ते माझ्या हाताला हाय."

त्या वादात आपण जिंकलो होतो, या आठवणीने त्याला धीर आला. फोन कोणाच्याही हाती लागो. फोनच्या पाठीवरच्या खोलगट जागेवर जानकूची तर्जनी टेकल्याशिवाय तो उघडणार नव्हता. तरीही तासभर त्याने सारा बाजार पालथा घातला.

"ओ जानकूभाऊ!" चहावाल्या धोंडाबाईने हाक मारली. "ह्यो डबा तुमचाच न्हवं? टेम्पोपाशी पडला व्हता म्हनं. एक मानूस दिऊन गेला."

जानकूने फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. पडदा काळा होता. त्याने बोट टेकवले, पडदा उजळला. नंदाचे आणि त्याचे बोलणे जिथे काल थांबले होते तिथेच थांबलेले होते. एक अक्षरही इकडचे तिकडे झाले नव्हते.

"बसा की. त्वांड कसं उतरलंय बघा," धोंडाबाई म्हणाली. "बायकूबी हरवली तर इतकं हुडकनार न्हाई तुमी."

जानकू मोठ्याने हसला. चहाचा घोट घेऊन त्याने नंदाला फोन लावला.

"निघालास का रं दादा?"

"हा काय, निगतोच हाय. समदं ठीक हाय न्हवं?"

"हाय की. तू धाडलेला मानूसबी आला वाटतं, आत्ताच दार वाजलं. लायटीचं काम कराया मानूस येतोय, दार उघड, आसं लिवलंस न्हवं का?"

"म्या? कवा?"

"बाराला की! इसरलास व्हय? म्हातारा झालास, दादा." ती चालता चालता बोलत होती.

बारा वाजता जानकूची तर्जनी उपरण्याखाली, व्यापाऱ्याच्या मुठीत होती. मेसेज लिहिणाऱ्याने तो पुसून मगच फोन परत केला होता.

"नंदे, थांब! कडी काढू नगं! नंदे, आयक—"

पलीकडे फोन जमिनीवर आपटला. जानकू हाका मारत राहिला. अखेर कोणीतरी तो उचलला.

"पावणं," गोरक्ष शांतपणे म्हणाला, "मेंढा इकला का न्हाई?"