पाऊण इंच पाऊस

पाण्याची लॉरी थांबलीच नाही. लाँग माउंटन गावच्या बायका पहाटेपासून रॉकेलचे रिकामे डबे घेऊन ऊसमळ्याच्या कोठीच्या कचेरीसमोर उभ्या होत्या. भर दुपारी त्यांच्या तोंडावर धुरळा उडवत ती निघून गेली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "रात्री लापली पडली ना तुमच्याकडं! पाऊण इंच पाऊस! व्हाकोआच्या वेधशाळेच्या कागदावर हाय!" ज्या गावात पाऊस, त्या गावाला आठवडाभर पाणी बंद, असा हुकूम होता.

पाऊस म्हणे! चार महिन्यांत एक थेंब नव्हता. उभा ऊस वाळून गेला होता.

सगळ्याजणी हरिलालवर धावल्या. कचेरीमागचं पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं तोच बघायचा आणि रोज सकाळी सातला आकडा व्हाकोआच्या वेधशाळेला टेलिफोननं कळवायचा. वीस वर्षांत आपला एक दिवस चुकला नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

"भांड्यात पाऊण इंच होतं, मी पाऊण इंच सांगितलं," तो म्हणाला.

"आणि आभाळ? आभाळ नाही बघितलंत?" इंद्राणीनं विचारलं. ती महिन्याची बाळंतीण. अंगावरचं दूध आटलेलं, आणि घरात पोराला साखरपाणी द्यायलाही पाणी नाही.

"वेधशाळेच्या साहेबानं शिकवलंय. आभाळाकडं बघायचं नाही, मापाच्या काचेकडं बघायचं."

काय बोलणार अशा माणसाशी!

तेवढ्यात त्याची म्हातारी आई, कुंती, पायरीवरून म्हणाली, "पाणी मी ओतलं रे."

"आये!"

"पावसासाठी देव पाण्यात ठेवतात ना? घरात देव बुडंल एवढं पाणी कुठलं? म्हटलं, सरकार जिथं पाऊस बघतं तिथंच देवाला आंघोळ घालावी. रात्री भांड्यावर धरला आणि ओतलं. माझ्याच वाटचं होतं, अर्धा तांब्या. पावसाला कळंल तरी कुठं पडायचं ते."

तिचे ओठ फुटले होते. कालपासून ती प्यायलीच नव्हती, हे तेव्हा कुठं सगळ्यांच्या लक्षात आलं.

हरिलाल धावत कचेरीत गेला. टेलिफोनवर त्याचं ओरडणं, मग विनवणं, मग नुसतंच "जी, जी" बाहेर ऐकू येत होतं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"नोंदलेला आकडा खोडत नाहीत. लॉरी आता पुढच्या सोमवारी."

कुणीतरी रडायला लागली. इंद्राणी रडली नाही. ती डबा घेऊन त्याच्यासमोर आली.

"हरिलालभाऊ, ते पाणी कुठाय?"

"कुठलं?"

"मोजलंत ते. अर्धा तांब्या."

"मातीत ओतलं," हरिलाल म्हणाला. "मोजून झालं की ओतून टाकायचं असतं. भांडं कोरडं ठेवावं लागतं."