दुसऱ्या भागाबद्दल तुमचं मत

बुटाची लेस सोडायला मल्लेश त्या स्टुलावर टेकणार, तेवढ्यात गुरुबसप्पा म्हणाले, "तिथं नका बसू."

आवाज चढलेला नव्हता. पण स्टुलावर विंचू असावा तसा मल्लेश उठला. अहमदपुरातल्या त्या कापड दुकानाच्या कट्ट्यावर एक शिलाई मशीन होतं, त्यावर स्वच्छ धुतलेली खोळ, आणि पुढ्यात ते स्टूल. दुकानामागंच घर होतं आणि घरात मुलगी बघायचा कार्यक्रम. मल्लेशनं उभ्यानंच, एका पायावर तोल सांभाळत बूट काढले. मुलगी बघायला आलेला माणूस एका पायावर फारसा रुबाबदार दिसत नाही.

"गुलाम रसूल टेलरची जागा हाय ती," उमाशंकरमामा कानाशी पुटपुटले. कापड गुरुबसप्पांचं, शिलाई त्याची, असं चाळीस वर्षं चाललं होतं. दोन वर्षांखाली टेलर वारला. तेव्हापासून तिथं कुणी बसत नव्हतं.

मामांकडं अशी माहिती भरपूर असे. मुख्य माहिती त्यांनी लातूरहून येताना एसटीतच दिली होती. शिवकांता शाळेत शिकवते, मुलगी सोन्यासारखी, पण बघायला आलेल्या मुलाला सिनेमावर प्रश्न विचारते. तेही एकाच सिनेमावर, 'वज्रदळ', भाग दोन. सिनेमा लागून पाच आठवडे झाले होते आणि तेवढ्यात चार मुलं नापास झाली होती. त्यातला एक देवणीचा इंजिनियर होता.

मल्लेशला हसू आलं नाही. 'वज्रदळ' हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय होता. पहिल्या भागाच्या शेवटी सहा वीरांतला थोरला, भूधर, धरणाची भिंत पाठीवर पेलून मरतो. दुसऱ्या भागात त्याच्या खुर्चीवर एक नवी पोरगी आणून बसवतात. तिची शक्ती एकच. ती पाणी गरम करू शकते. चाहते नुसते पेटले होते. मल्लेशला मात्र दुसराच भाग जास्त आवडला होता. ठिबकच्या पाइपांच्या आपल्या दुकानात त्यानं हे एकदाच एका गिऱ्हाइकाला बोलून दाखवलं. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

"पहिला चांगला, दुसरा भंगार," मामांनी त्याला पढवलं होतं. "सगळं जग तेच म्हणायलंय, तू बी तेच म्हण. तिसावं चालू हाय तुझं."

पोहे झाले. दोघांना बोलायला म्हणून आतल्या खोलीत बसवलं. दाराला पडदा होता आणि पडद्यापलीकडं गुरुबसप्पा पेपर घेऊन बसले. पोरीचा बाप, बसणारच.

शिवकांतानं चष्मा वर सरकवला आणि वहीचं दुमडलेलं पान उघडलं. तिच्या कपाळावर भस्माची बारीक रेघ होती आणि बोटाला खडू लागलेला होता. मल्लेशला ती त्या खडूसकट आवडली. मामा येताना बडबडले ते सगळं खरं होतं, आणि इथं नापास व्हायचं नाही, हे त्याचं त्यालाच उमगलं.

पहिले दोन प्रश्न सोपे गेले. तिसऱ्याला ती म्हणाली, "भूषण मेल्यावर..."

पडद्यापलीकडं खोकला आला.

"भूधर," तिनं दुरुस्ती केली. "भूधर मेल्यावर त्याच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवणं तुम्हाला पटतं का? सकारण सांगा."

'भंगार' हा शब्द मल्लेशच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं. लग्न जमलं तर जन्मभर हिच्यासमोर भाग दोनला नावं ठेवत बसायचं, हे काही त्याला झेपेना.

"पटतं," तो म्हणाला.

पेपरची सळसळ थांबली.

"पहिल्यांदा मला बी राग आला. पण खुर्ची रिकामी हाय तोवर पाचही जण दुश्मनाकडं बघतच न्हाईत. खुर्चीकडंच बघायलेत. म्हणून हरतात. ती पोरगी काय भूधरची बरोबरी करत न्हाई. तिला निस्तं पाणी गरम करता येतं. पण ती त्या पाण्याचा चहा करती, अन् पाच जण पहिल्यांदा एकमेकांकडं तोंड करून बसतात." मग जरा हळू म्हणाला, "खुर्ची भूधरची नव्हतीच. दळाची होती. तो असता तर त्यानंच म्हटलं असतं, बस गं."

शिवकांतानं पानावरून नजर वर केली. आधी त्याच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. पडद्यामागं कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. पानावर अजून चार-पाच प्रश्न शिल्लक होते, तरी तिनं घडी घातली.

"झालं," ती म्हणाली आणि हसली.

निघताना गुरुबसप्पा निरोप द्यायलाही बाहेर आले नाहीत. बापाला राग आलाय, असं मामा चाकूर येईपर्यंत सांगत राहिले. मल्लेश त्या हसण्याचाच विचार करत होता. नापास झालो तर झालो, निदान उत्तर तरी आपलं होतं.

तिसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं मल्लेशच्या दुकानात एक लिफाफा आणून दिला. आत तिकीट होतं. लातूर, रविवार, दुपारी तीन, 'वज्रदळ', भाग दोन. एकच तिकीट. शेजारच्या खुर्चीचं तिकीट कुणाकडं असणार हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता. मल्लेशनं मामांना फोन केला. मामांनी पेढे सांगितले. मल्लेशनं निळा शर्ट इस्त्रीला टाकला, परत येऊन तिकीट पुन्हा हातात घेतलं, आणि तेव्हा त्याला मागं टाचणीनं लावलेली चिठ्ठी दिसली. कापडाच्या गाठींवर नाव घालतात तसलं जाड अक्षर होतं.

"चि. मल्लेश यांस शरणु शरणार्थी. शिवकांताला तिची बढतीची परीक्षा होईस्तोवर लग्न करायचे नाही, बघायच्या कार्यक्रमाला ती फक्त माझ्यासाठी बसते. तिने सिनेमा पाहिलेला नाही, प्रश्न माझे होते. मी आणि गुलाम रसूल दर सिनेमा शेजारी बसून पाहायचो. तो गेल्यापासूनही मी दोन तिकिटे काढतो आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवतो. या रविवारी ठेवायची नाही."